खालची काच

११ जानेवारी

दादा,

'तीर्थरूप' लिहायला हात धजला नाही आणि 'प्रिय' लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं; म्हणून नुसतंच दादा. पत्ता आत्याकडून घेतला. देताना तिने दोनदा विचारलं, "भांडायला नाही ना लिहीत?" मी नाही म्हटलं. खरं की खोटं, ते हे पत्र संपेल तेव्हा कळेल. मलाही.

अकरा वर्षांनी लिहायला कारण तसं किरकोळ आहे. मी कॅमेरा घेतला. बाबांकडे होता तसाच, एकावर एक दोन काचा असलेला, पोटाशी धरून वरून आत वाकून बघायचा. माझ्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक म्हातारा घड्याळं दुरुस्त करतो. त्याच्या काउंटरच्या काचेखाली बंद पडलेल्या घड्याळांच्या रांगेत हा बसला होता. मी रोज जाता-येता बघायचे. तीन महिने नुसती बघत होते. मग एक दिवस आत गेले.

"कोणासाठी?" त्याने विचारलं.

"माझ्यासाठी."

"शोभेला ठेवणार असाल तर आत एक मेलेला आहे, तो न्या. वापरणार असाल तर हा."

त्याने शटर माझ्या कानाशी धरून वाजवून दाखवला. सेकंदाच्या पाचशेव्या भागावर लावला तर झटकन मिटला. एका सेकंदावर लावला तर कुरकुरत, रेंगाळत, दीड-दोन सेकंदांनी कसाबसा मिटला. "म्हाताऱ्यांचं असंच असतं बाई," तो म्हणाला. "घाईचं काम अजून जमतं, सावकाशीचं जमत नाही." आरशाचा पारा एका कोपऱ्यात उडालेला आहे, खालच्या काचेत कडेला बुरशीचा एक बारीक धागा आहे, बाजूचं कातडं सुटलेलं आहे. टोपी एकच आहे, खालच्या काचेची. वरची कधीची हरवलेली.

"वरची नसली तरी अडत नाही," तो म्हणाला. "वरची काच नुसती बघायची. फोटो खालची काढते."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असावं, कारण त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

आपल्याकडच्याही कॅमेऱ्याला वरची टोपी नव्हती. ती तू गटारात टाकली होतीस, आठवतं? तेव्हापासून एकाच टोपीवर संसार चालला. लग्नाकार्याचं काम असलं की तू स्टँड उचलायचास आणि मी टोपी धरायचे. बाबा म्हणायचे, "एकाकडे कॅमेऱ्याचे पाय, एकीकडे कॅमेऱ्याची पापणी."

हे सगळं गोड वाटतंय वाचायला, म्हणून स्पष्ट लिहिते. मी काही विसरलेले नाही. आई गेल्यावर चौथ्या दिवशी तू डार्करूममधून बाहेर आलास आणि तुझ्या हातात ओला, कोरा रोल लोंबत होता. आईचे बारा फोटो होते त्यावर. गावभराचे फोटो काढणाऱ्या माणसाने आपल्या बायकोला आयुष्यात एकदाच नीट समोर बसवलं होतं, तिच्या शेवटच्या पंधरवड्यात, आणि बाबांचे हात थरथरत होते म्हणून तो रोल तुझ्याकडे धुवायला दिला होता. डेव्हलपरच्या आधी हायपो ओतला की फिल्मवरचं सगळं जातं, हे आपल्या घरातल्या मांजरालाही माहीत होतं. बाबा म्हणाले, "आईला दोनदा मारलंस." तू "कडेला बघा, बाबा, कडेला बघा" असं काहीबाही ओरडत होतास. बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. तू संध्याकाळच्या गाडीने गेलास.

बाबा आता एकोणऐंशीचे आहेत. दृष्टी मधोमध गेली आहे; समोरचं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं, म्हणून माणसाशी बोलताना मान वळवून बसतात आणि लोकांना वाटतं रुसलेत. कोणी विचारलं तर "मला एक मुलगी आहे" एवढंच सांगतात. डॉक्टर म्हणतात, हृदयाचा भरवसा धरू नका. म्हणजे तुला काही बोलायचं असेल तर फार दिवस नाहीत. मी बोलावत नाही. फक्त कळवते.

कळावे. 'लोभ असावा' लिहिण्याइतका तो आधी तरी कुठे होता.

तुझी बहीण


२ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. अपेक्षा नव्हती, पण पोस्टमनची वाट मात्र पाहिली, हे लिहायला हवं. डायरीत लिहिलं आहे, मग तुझ्यापासून लपवून काय मिळवणार.

कॅमेरा वापरायला लागले. पहिले दोन दिवस नुसती भांबावले. आत बघताना सगळं उलटं. माणूस डावीकडे चालला तर काचेत उजवीकडे जातो. चौकट सरळ करायला कॅमेरा एका बाजूला नेला की जग दुसऱ्या बाजूला पळतं. बाबा हे आयुष्यभर इतक्या सहज करायचे, की मला वाटायचं त्यांना जग तसंच दिसतं.

ऑफिसात मी नकाशांच्या प्रती मुळाशी ताडून बघते हे तुला आत्याने सांगितलं असेल. एक रेघ इकडची तिकडे झालेली मला दुरून दिसते. अशा बाईने पहिला रोल कसा काढला, ऐक. ऑफिसचा जिना, रिकाम्या खुर्च्या, खिडकीतली नकाशांची नळकांडी, टेबलावरचा गठ्ठा, आपल्या घरचा कठडा. बारा फोटो. प्रत्येकाला मोजून प्रकाश, मोजून अंतर. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीत पुढचा आकडा आल्याशिवाय नॉब सोडला नाही. वहीत प्रत्येक फोटोची नोंद.

रोल धुणारी आता एकच जागा उरली आहे. एक बाई चालवतात. एक्स-रेसारखी फिल्म टांगायच्या चिमट्यांची तार, निळा ॲप्रन, तोंडात सतत बडीशेप. परवा गेले तर त्यांनी रोल उजेडावर धरून दाखवला. कोरा. पाण्यासारखा कोरा.

मी म्हटलं, "तुमच्याकडून हायपो आधी पडला का?"

त्या बाईंना हसू आलं. "छत्तीस वर्षं धुते आहे. कडेला बघा."

"काय?"

"कडेला बघा हो. हे आकडे दिसतात? एक, दोन, तीन. हे कारखान्यातच फिल्मवर घातलेले असतात, पण डेव्हलपरमध्ये गेल्याशिवाय उमटत नाहीत. हायपो आधी पडला असता तर आकडेही गेले असते. आकडे ठणठणीत आहेत, म्हणजे धुण्यात खोट नाही. तुम्ही टोपी काढली नव्हती."

"पण मला आत सगळं दिसत होतं."

"दिसणारच. बघायची काच वरची. ती उघडी. खालची बंद." त्यांनी रोल गुंडाळून माझ्या हातात दिला. "या जातीच्या कॅमेऱ्याला ही एकच खोड. काढणारा खाली मान घालून आत बघतो, त्याला टोपी कधीच दिसत नाही. एकट्याच फिरता का? खुर्च्या-बिर्च्या कशाला काढता, माणसांचे काढत जा. समोरचा माणूस सांगतो की, बाई, टोपी राहिली."

बाबांच्या औषधाची वेळ झाली. इथेच थांबते.

बहीण


१९ फेब्रुवारी

दादा,

मागचं पत्र अर्धवट टाकलं. औषधाला अजून पाऊण तास होता. असो.

तुझा तो रोल माझ्याकडे आहे. तू गेलास तेव्हा तो डार्करूमच्या फरशीवर पडला होता. बाबा त्याला शिवलेही नाहीत. मी उचलून वाळवला आणि त्या वर्षीच्या डायरीबरोबर पत्र्याच्या डब्यात ठेवला. का ठेवला, तेव्हा स्वतःला विचारलं नाही. गेल्या आठवड्यात डबा काढला, खिडकीशी गेले, आणि कडेला बघितलं.

आकडे आहेत. एक ते बारा, सगळे. कारखान्याचं नावही आहे, वाचता येतं.

तेव्हा, दादा, तुझी चूक नव्हती. तू रोल व्यवस्थित धुतला होतास. हे वाक्य लिहायला मला चार कच्चे कागद लागले आणि तरी ते एखाद्या ऑफिसच्या पत्रासारखं उतरलं आहे. मी तुझी क्षमा मागते. तू ओरडून जे सांगत होतास ते आम्हाला कळलं नाही. मला कळलं नाही. बाबांना कळायला हवं होतं, पण त्यांची ती अवस्था होती का?

बाबा टोपी काढायला विसरले, एवढंच झालं. आई तशी समोर बसलेली, हात थरथरणारे, डोळे भरून येणारे. कोणीही विसरला असता.

आता माझ्यापुढे प्रश्न आहे. त्यांना सांगायचं का? एकोणऐंशीव्या वर्षी, त्या हृदयाच्या माणसाला, की तुमच्या बायकोचे एकुलते एक फोटो तुमच्याच हातून गेले आणि शिक्षा मुलाला झाली? मी बराच विचार केला. मला वाटतं आपण दोघांनी हे आपल्यात मिटवावं. तू ये. मी त्यांना सांगेन की झालं गेलं विसरा, पोरगा आला आहे. ते आता पूर्वीइतके कडक राहिलेले नाहीत. हट्ट धरला तर ऐकतील. खरं कारण त्यांना कळायची गरज नाही.

हे मी त्यांच्यासाठी म्हणते आहे. दोनदा तपासून बघितलं, तरी हेच लिहावंसं वाटलं.

तुझी,
बहीण


८ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांत तुझ्या अक्षराचा उतार बदललेला नाही. मी ते इथे उतरवून काढते, कारण तुझ्याकडे त्याची प्रत नसणार आणि मला त्यातला एकही शब्द नंतर माझ्या सोयीने आठवायचा नाही.

"चोपडे, आकडे मी त्याच दिवशी पाहिले, फिल्म ओली असताना. कॅमेऱ्यामागे बाबा होते. समोर आई आणि तू. आईचा चष्मा बाबांनी काढून ठेवायला लावला असणार, चकाकतो म्हणून, सगळ्यांनाच लावत. चष्म्याशिवाय आईला दोन हातांपलीकडे धूसर दिसायचं. उरलं कोण? टोपी धरायचं काम कोणाचं होतं? मी अकरा वर्षं वाट बघतोय ती तू आत्ता पाठवलेल्या पत्राची नाही. बाबांना सांग. मग बघू. दादा."

चोपडी म्हणून मला कोणी हाक मारून किती वर्षं झाली. तुला ते चिडवायला सापडलेलं नाव होतं, मी सतत वहीत खरडत असायचे म्हणून. कार्ड हातात घेऊन मी ऑफिसच्या जिन्यावर बसले. आजवर मला वाटत होतं, मी तुझ्याशी बोलत नाही. तूच माझ्याशी बोलत नव्हतास.

आता सांगते. पहिल्या पत्रातही सांगू शकले असते.

सकाळचे नऊ वाजले होते. बाबांनी खुर्ची कठड्याशी ठेवली, आईला ठेवणीतले कपडे घालायला लावले. ते तिच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखे दिसत होते. तुला एका बारशाच्या कामावर पाठवलं होतं. बाबा म्हणाले, "तू तिच्या बाजूला बस, तिला आधार होईल." मग म्हणाले, "चष्मा काढ गं, काच मारतेय." आईने चष्मा काढून माझ्या हातात दिला. दादा, टोपीचा हात तो होता. इतक्या वर्षांत त्या हाताने कॅमेऱ्यापाशी दुसरं काही धरलं नव्हतं. त्या दिवशी त्यात चष्मा आला, आणि टोपी राहिली. इथपर्यंत मी निर्दोष आहे. फक्त इथपर्यंतच.

दुसऱ्या फोटोला मला टोपी दिसली. काळी, भांड्याच्या झाकणासारखी, सरळ माझ्यासमोर.

मी का बोलले नाही? अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आले की आईने माझा हात दाबला होता. तिलाही दिसलं आणि तिने सुचवलं, राहू दे, माझा हा चेहरा नको उरायला. छान उत्तर होतं. मी त्यावर जगले. तुझ्या कार्डाने ते एका ओळीत संपवलं. चष्मा माझ्याच मुठीत होता आणि मला तो आठवला नाही! हात तिने दाबला हे खरं. तिला तेव्हा बसल्या बसल्या कळा यायच्या.

खरं उत्तर हे. मला बाबांचा राग आला होता. "हनुवटी वर. आणखी वर. हस जरा." बत्तीस वर्षांत त्यांना तिच्याकडे बघायला सवड झाली नाही, नवऱ्या मुली आणि पुढाऱ्यांचे फोटो काढत राहिले, आणि आता तिला धड बसवत नाही तर हनुवटी वर हवी. आई म्हणाली, "अहो, अजून किती?" ते म्हणाले, "दहा आहेत गं, वाया कशाला घालवायचे." तेव्हा मला वाटलं, काढा. काढा तुम्ही. काहीही येणार नाही.

पुढच्या फोटोला सांगू म्हटलं. पुढचा झाल्यावर वाटलं, आत्ता सांगितलं तर विचारतील, आधी का नाही बोललीस? चौथ्यानंतर सांगणं अशक्य झालं. बाराव्यापर्यंत मी सरळ टोपीकडे बघत, चांगलं हसू तोंडावर ठेवून बसले. संपल्यावर बाबा आईला आत घेऊन गेले. मी टोपीला हातही लावला नाही. ती जागच्या जागी होती, मग कोणाला काय कळणार.

आणि याहून वाईट पुढे आहे. त्यानंतर आई नऊ दिवस होती. नऊ दिवसांत कधीही म्हणता आलं असतं, बाबा, गडबड झाली, पुन्हा एक रोल लावा. मी तिला जरा बरं वाटण्याची वाट बघत होते. मग ती गेली. मग तू तो रोल धुतलास. तू डार्करूममध्ये शिरताना मी दाराबाहेर उभी होते. त्यावर काय निघणार ते या घरात मला एकटीलाच ठाऊक होतं. आणि बाबांनी तुला ते वाक्य ऐकवलं तेव्हा मी माठातून पाणी घेत होते. मी पाणी प्यायले.

त्या दिवसाचं डायरीचं पान मी परत वाचलं. "ऊन स्वच्छ. आईने बाराही फोटो काढू दिले. थकली." खोटं एकही वाक्य नाही.

पहिल्या पत्रात मी तुझ्यावर हायपोचा आरोप केला. मला माहीत असताना केला. इतक्या वर्षांत मला तो खरा वाटायला लागला होता की काय, हे मी स्वतःला विचारून बघितलं. नाही. आणि हा कॅमेरा छंदासाठी घेतला नाही. आतून बघताना टोपी खरंच कळत नाही ना, एवढं बघायचं होतं. म्हणजे दोष बाबांच्या पदरात पक्का बांधता आला असता. त्या पहिल्या रोलला टोपी मी विसरले नव्हते, दादा. ठेवली होती.

बाबांना सांगेन. कधी, ते विचारू नकोस.

चोपडी


३० मार्च

दादा,

सांगितलं. म्हणजे, माझ्याने सांगवलं नाही. पण त्यांना कळलं. जसं झालं तसं लिहिते.

रविवारी सकाळी कॅमेरा त्यांच्या मांडीवर ठेवला. इतके दिवस तो घरात आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी आधी कातडं हुंगलं. मग अंगठा आपोआप नॉबवर गेला. "कडक आहे," म्हणाले. "कोणाचा?"

"माझा."

"तुला कशाला हवाय?"

"तुमचा फोटो काढते."

"माझा कसला काढतेस. कवटी राहिलीय नुसती." पण उठले, केस सारखे केले, कठड्याशी खुर्ची होती तिथे बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या जागी बसले असतील. चष्मा काढायला लागले. मी म्हटलं, "राहू दे, बाबा."

मी कॅमेरा स्टँडवर लावला. टोपी काढली नाही. शब्द सापडत नव्हते म्हणून हे, की शब्द काढायचं धैर्य नव्हतं म्हणून, याचा निवाडा तू कर. मी आत वाकले. उलटे बाबा दिसत होते, मान एका बाजूला वळवून कडेच्या डोळ्याने माझ्याकडे बघणारे. मी थांबले. दुसऱ्या कोणाला बहुधा कळलंही नसतं.

"थांब," ते म्हणाले.

"काय झालं?"

"वरची चमकतेय. खालची नाही चमकत. टोपी आहे तिला."

"हो."

"मग काढ की."

मी हलले नाही. मान वर केली नाही. काचेत बघत राहिले. आधी ते वैतागले. मग हळूहळू वैताग उतरला आणि चेहऱ्यावर काहीच उरलं नाही. मी तो चेहरा उलटा बघितला, सरळ बघायची हिंमत झाली नाही.

"काढणाऱ्याला दिसत नाही," ते म्हणाले. माझ्याशी नाही, स्वतःशीच. "समोरच्याला दिसतं."

खाली कोणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता.

"समोर तुझी आई होती," ते म्हणाले.

इथे मला नुसतं "हो" म्हणता आलं असतं, दादा. त्यांनी स्वतः दार उघडून दिलं होतं. आई काही सांगायला येणार नव्हती.

"आईचा चष्मा माझ्या हातात होता," मी म्हटलं. "मला दिसलं होतं. दुसऱ्या फोटोपासून."

वाटलं, ओरडतील. हृदय, गोळ्या, सगळं डोक्यात येऊन गेलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "तो म्हणत होता, कडेला बघा."

"हो."

"मी चष्मा काढला."

"हो, बाबा."

"मला माहीत होतं गं, कडेला काय दिसतं ते. मी शिकवलेलं त्याला." त्यांनी गुडघे चोळले. "बघितलं असतं तर माझ्यावर आलं असतं. ते त्या दिवशी मला पेललं नसतं. त्याच्यावर गेलं, बरं झालं म्हटलं."

मी विचारलं, "बोलावू त्याला?"

"कोणत्या तोंडाने?" म्हणाले. "कालपर्यंत मी त्याला माफ करायला तयार होतो. आता तर तेही राहिलं नाही माझ्याकडे."

मग उठले. "सरक," म्हणाले. "बस तिथे." मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः कॅमेऱ्यामागे गेले. काचेत त्यांना काही दिसणार नव्हतं. त्यांनी आतून दोरी आणायला सांगितली. त्यांची अंतर मोजायची दोरी, दर फुटाला गाठ मारलेली. माझ्याकडे आहे हे त्यांना कसं ठाऊक, कोण जाणे. एक टोक काचेशी धरून दुसरं टोक माझ्या भुवईला लावलं आणि गाठी बोटांनी मोजल्या. पाच. अंतराच्या नॉबवरचा पाचाचा आकडा मला वाचायला लावला. टोपी स्वतः काढली, दोनदा हात फिरवून खात्री केली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"हसू का?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"बोलू नकोस. त्या दिवशी नाही बोललीस, मग आज कशाला?"

एक झाला. नॉब फिरवताना ते चकरा मोजत होते, लाल खिडकी त्यांना दिसत नव्हती. दुसरा. तिसरा. मला वाटलं, एक-दोन काढून थांबतील. थांबले नाहीत. माझी मान अवघडली, ऊन सरळ डोळ्यांत आलं, पाणी यायला लागलं. "हनुवटी वर," म्हणाले. सातव्याला त्यांचा हात इतका थरथरला की स्टँड हललेला मला दिसला. मी काही बोलले नाही. बोलायचं होतं का? दुसरा कोणी सांगेल तर बरं. बाराही काढले. प्रत्येक वेळी मी खालच्या काचेकडे बघत होते. ती उघडी होती. काळी, खोल, कडेला बुरशीचा धागा.

शेवटी रोल गुंडाळून, चिकटपट्टी जिभेने ओली करून त्यांनी स्वतः बंद केला. नजर नसताना. माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हा त्याला पाठव. तो धुईल."

"इथे एक बाई धुतात, चांगल्या—"

"त्याला पाठव म्हटलं ना. त्याच्याइतकं स्वच्छ कोणी धूत नाही."

त्यानंतर ते आत जाऊन झोपले. तुझं नाव घेतलं नाही. बोलाव म्हणाले नाहीत, येऊ नको म्हणाले नाहीत. एवढंच जसंच्या तसं कळवते. त्यातून काय घ्यायचं ते तुझं तू घे. माझ्यावर भरवसा ठेवून काही घेऊ नकोस.

पाकिटात दोन रोल आहेत. एक वाळलेला, कोरा, कडेला आकडे असलेला. तो तुझा, तो अकरा वर्षांपूर्वीच तुझ्या हातात द्यायला हवा होता. दुसरा चिकटपट्टी लावलेला आहे. अंतर दोरीने मोजलेलं आहे, प्रकाश अंदाजाने, शेवटचे पाच-सहा बहुतेक हललेले असतील. त्यावर बारा वेळा मी आहे. धुतलास तर तुला माझं तोंड बारा वेळा बघावं लागेल. नाही धुतलास तरी मला समजेल, पण पाकीट अजून टाकलंही नाही, तरी बाबा रोज विचारतात, "आला का?" रोल म्हणतात की तू, हे मी विचारलेलं नाही.

कॅमेरा माझ्या टेबलावर उघडाच आहे, खालच्या काचेवर धूळ बसते. टोपी बाबांच्या खिशात आहे. मागितली तर देत नाहीत.

चोपडी